'आय ॲम हॅविंग' : कुठे चालतं, कुठे नाही, आणि का?

सुदामानगरची:
नमस्कार मंडळी. मी इंदूरची, माहेर आणि सासर दोन्ही इथलंच. मुलं मोठी झाली तशी बारा वर्षांनी पुन्हा नोकरी धरली आहे. एका कंपनीत ग्राहकांच्या तक्रारींना मेलवर उत्तरं द्यायचं काम आहे. इंग्रजी वाचलेलं सगळं कळतं, पण लिहिताना 'हॅव' आलं की हात थबकतो.

पहिल्याच आठवड्यात मी एका मेलमध्ये 'आय ॲम हॅविंग टू क्वेश्चन्स' असं लिहिलं. टीम लीडने सगळ्यांसमोर सांगितलं, "हॅवला आयएनजी कधीच लागत नाही, वहीत लिहून ठेवा." मी लिहून ठेवलं. काल लंडनच्या ग्राहकाचा मेल आला, त्याचं पहिलंच वाक्य : 'वी आर हॅविंग ट्रबल विथ द लॉगिन पेज.' हा माणूस जन्मापासून इंग्रजी बोलतो! लीडला विचारलं, तर म्हणाला, "त्यांचं चालतं."

हे उत्तर मला पटलेलं नाही. नियम पाठ करा असं कृपया सांगू नका, पाठ करून झालाय. त्यांचं 'हॅविंग' बरोबर आणि माझं चूक, हे का, तेवढं कुणी नीट उलगडून सांगेल का?

पोहे_सेव_जिरावण:
ताई, मी विजयनगरला असतो. माझ्या पहिल्या मुलाखतीत 'आय ॲम हॅविंग वन एल्डर सिस्टर' म्हणालो होतो. समोरच्या बाई काही बोलल्या नाहीत, पण त्यांनी कागदावर काहीतरी टिपलं. चूक कळायला मला पुढे दोन वर्षं लागली. कुणीतरी तेव्हाच सांगायला हवं होतं. उत्तराची मीही वाट बघतोय.

निवृत्त_इंग्रजीमास्तर:
ताई, प्रश्न फार चांगला विचारलात. मी ३१ वर्षं इंदुरात इंग्रजी शिकवलं, आणि त्यातली बरीचशी वर्षं मीही वर्गात हाच अर्धा नियम सांगत आलो. त्याची मला खंत आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

इंग्रजी थोडं बाजूला ठेवा. आधी मराठीच बघा.

मला दोन भाऊ आहेत.
माझ्याकडे स्कूटर आहे.
माझ्यापाशी सुटे पैसे नाहीत.
मला ताप आहे.
या खोलीला तीन खिडक्या आहेत.
त्याच्या अंगात ताकद आहे.

या सहाही वाक्यांना इंग्रजीत एकच क्रियापद पुरतं, 'हॅव'. मराठीत त्याच्या जोडीचं क्रियापदच नाही. आपण 'असणे' वापरतो आणि मालकाला 'ला', 'कडे', 'पाशी', 'अंगात' असे वेगवेगळे प्रत्यय आणि शब्द लावतो. भाऊ 'माझ्याकडे' नसतात, स्कूटर 'मला' नसते. हा बारीक फरक इंग्रजीत नाहीच. या बाबतीत मराठी कितीतरी जास्त नेमकी आहे, हे आधी मनात ठेवा.

आता त्याहून महत्त्वाचं. 'मला एक भाऊ आहे', 'मला दोन भाऊ आहेत'. क्रियापद कुणाप्रमाणे बदललं? भावांप्रमाणे, माझ्याप्रमाणे नाही. मराठीत जी गोष्ट जवळ आहे तीच कर्ता, आणि मालक नुसता बाजूला उभा. इंग्रजीत मालकच कर्ता होऊन पुढे येतो. म्हणून आपली मुलं 'माय ब्रदर हॅव टू कार्स' लिहितात : गाड्या दोन दिसल्या की क्रियापद अनेकवचनी करतात. तिथे भाऊ मोजायचा, गाड्या नाहीत. भाऊ एक, म्हणून 'हॅज'.

आणि तुमचं 'हॅविंग' कुठून येतं, त्याबद्दल वर्गातल्या अनुभवावरून माझं मत सांगतो. 'आहे' म्हणजे 'इज, ॲम, आर' हे लहानपणी इतकं घोटलेलं असतं की वाक्यात 'आहे' दिसताच 'आय ॲम' लिहिलं जातं. 'ॲम' नंतर नुसतं 'हॅव' कानाला खटकतं, मग हात आपसूक 'हॅविंग' करतो. म्हणजे ही चूक निष्काळजीपणाची नाही, मराठी वाक्य प्रामाणिकपणे उतरवताना झालेली आहे.

सुदामानगरची:
सर, 'क्रियापद भावांप्रमाणे बदलतं' हे आजवर कधी लक्षातच आलं नव्हतं. पण लंडनवाल्याचं 'हॅविंग'?

निवृत्त_इंग्रजीमास्तर:
तिकडेच येतोय.

'हॅव'ची दोन कामं आहेत. एक, नुसतं जवळ असणं : भाऊ, स्कूटर, प्रश्न, पगार, वेळ. ही स्थिती आहे, तिथे काही घडत नाही, म्हणून आयएनजी नाही. दुसरं, काहीतरी करणं, भोगणं, घडणं : नाश्ता, आंघोळ, पार्टी, भांडण, त्रास. हे चालू असू शकतं, म्हणून तिथे 'हॅविंग' अगदी रास्त.

मी मुलांना मराठीतूनच एक कसोटी देत असे. वाक्यात 'चाललंय' किंवा 'होतोय' घालून बघा. 'नाश्ता चाललाय' बरोबर वाटतं, तर 'वी आर हॅविंग ब्रेकफास्ट' बरोबर. 'लॉगिनला त्रास होतोय', म्हणून 'वी आर हॅविंग ट्रबल'. 'माझे दोन प्रश्न चाललेत' असं कुणी म्हणेल का? नाही. म्हणून 'आय हॅव टू क्वेश्चन्स'.

तुमचा ग्राहक इंग्रज आहे म्हणून त्याला सूट मिळालेली नाही. तोही 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' म्हणणार नाही. नियम दोघांनाही एकच.

बडोद्याची_सून:
मी माहेरची इंदूरची, आता बडोद्यात. मास्तरांचं वाचून लगेच गुजराती ताडून बघितली. 'मारे बे भाई छे', 'मारी पासे गाडी छे', 'मने ताव छे'. हुबेहूब मराठीसारखीच वाटणी! इंदूरच्या हिंदीतही 'मेरे दो भाई हैं', 'मेरे पास गाड़ी है', 'मेरे को बुखार है'. म्हणजे मराठी मुलगा हिंदी शाळेत गेला काय किंवा गुजराती शेजारात वाढला काय, 'हॅव'सारखं क्रियापद त्याला इंग्रजीच्या तासापर्यंत भेटतच नाही. माझी पुतणी सगळ्या विषयांत हुशार, पण इथेच अडते. आज तिला हे वाचून दाखवणार आहे.

भंवरकुआ_२४:
मी स्पर्धा परीक्षांची तयारी करतोय. आमच्या क्लासमध्येही 'हॅविंग कधीच नाही' असंच सांगितलंय. पण मला एक वाटतं, रागावू नका. इंदुरात, भोपाळला, पुण्यात सगळे 'आय ॲम हॅविंग अ कार' म्हणतात आणि सगळ्यांना ते कळतं. इतक्या लोकांचं इंग्रजी असं असेल तर ते चूक कसं? आपणच आपल्याला कमी का लेखायचं?

निवृत्त_इंग्रजीमास्तर:
अजिबात रागावलो नाही. तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे. भारतीय इंग्रजीचा अभ्यास करणारे हे तिचं एक ठळक लक्षण म्हणूनच नोंदवतात, आणि आपसात बोलताना कुणाचं काही अडत नाही. कुणी असं बोललं म्हणून त्याला हसणं हा तर असभ्यपणा आहे.

पण तुमच्या परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत ते चूकच धरतील. दुसरं म्हणजे, कधीकधी अर्थ बदलतो. तिथे मात्र जपावं लागतं.

वॉर्डातली_सिस्टर:
अर्थ बदलतो ते मी सांगते. प्रसूती विभागात १४ वर्षं काम केलंय. 'शी हॅज अ बेबी' म्हणजे तिला बाळ आहे, झालेलं आहे. 'शी इज हॅविंग अ बेबी' म्हणजे बाळ व्हायचंय, ती गरोदर आहे किंवा आत्ता प्रसूत होते आहे. एक नवीन मुलगी फोनवर डॉक्टरांना दुसरं वाक्य बोलली. तिला सांगायचं होतं की पेशंटला घरी एक लहान मूल आहे, म्हणून ती थांबायला तयार नाही. डॉक्टर धावत आले. सुदैवाने नुकसान काही झालं नाही, पण त्या दिवसापासून मी नवीन मुलींना ही दोन वाक्यं शेजारी शेजारी लिहून देते.

दुखण्याचंही सांगते. ताप आहे, रक्तदाब आहे, मधुमेह आहे : 'शी हॅज अ फीवर', 'शी हॅज डायबिटीस'. कळा येतायत, छातीत राहून राहून दुखतंय : 'शी इज हॅविंग कॉन्ट्रॅक्शन्स', 'ही इज हॅविंग चेस्ट पेन'. सरांच्या 'चाललंय'च्या जोडीला मी 'येतंय' ठेवलंय. कळ येते आणि जाते, मधुमेह येऊन जात नाही.

भंवरकुआ_२४:
सिस्टर, हे मात्र पटलं. आता कायम लक्षात राहील.

पोहे_सेव_जिरावण:
मला 'हॅव हॅड' हे जोडपं कधी कळलंच नाही. एकच शब्द दोनदा कशाला?

निवृत्त_इंग्रजीमास्तर:
तुमच्या नावातलेच पोहे घेऊ. इथे 'हॅव' म्हणजे खाणे.

'आय हॅव पोहे एव्हरी मॉर्निंग' : रोज सकाळी पोहे खातो.
'आय ॲम हॅविंग पोहे' : आत्ता खातोय, मग फोन करतो.
'आय हॅड पोहे नियर राजवाडा येस्टरडे' : काल राजवाड्याजवळ खाल्ले.
'आय हॅव हॅड पोहे' : पोहे खाल्लेत, आता आणखी वाढू नका.
'आय हॅव टू हॅव पोहे' : पोहे खावेच लागतील.

चौथ्या वाक्यात पहिलं 'हॅव' फक्त काळ दाखवतं, 'खाल्लेत' मधल्या 'आहेत'सारखं. दुसरं 'हॅड' म्हणजे प्रत्यक्ष खाणं. 'ईटन' घालून बघा, 'आय हॅव ईटन पोहे', म्हणजे कोण काय काम करतंय ते वेगळं दिसेल. आणि प्रश्न विचारताना 'डज ही हॅव', 'डिड ही हॅव'. 'डज'ने 'ज' आणि 'डिड'ने भूतकाळ आधीच उचललेला असतो, म्हणून 'डज ही हॅज' नाही आणि 'डिड ही हॅड' नाही.

सुदामानगरची:
सर, 'हॅव टू'चा विषय निघालाच आहे तर मनात सलत असलेली गोष्ट सांगते. मागच्या महिन्यात सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं. मी साहेबांना म्हटलं, 'सर, आय वॉन्ट टू लीव्ह ॲट फाइव्ह.' मनात 'मला पाचला निघायचंय' होतं, तेच म्हटलं. ते एकदम कोरडे झाले, 'एव्हरीबडी वॉन्ट्स टू लीव्ह ॲट फाइव्ह' म्हणाले. दिवसभर वाईट वाटत राहिलं. मी काही उद्धटपणे बोलले नव्हते.

निवृत्त_इंग्रजीमास्तर:
ताई, तुम्ही उद्धट नव्हताच. मराठीतलं 'निघायचंय' फार मोठं पोट असलेलं रूप आहे. त्यात इच्छा मावते, ठरलेलं काम मावतं आणि नाइलाजही मावतो. 'मला हिमालय बघायचाय' ही इच्छा. 'मला आईला दवाखान्यात न्यायचंय' हे कर्तव्य. ऐकणारा प्रसंगावरून ओळखतो. इंग्रजीत मात्र निवड बोलणाऱ्यालाच करावी लागते. इच्छा असेल तर 'वॉन्ट टू', भाग असेल तर 'हॅव टू'. तुम्ही 'वॉन्ट' निवडलंत आणि त्यांना फक्त इच्छा ऐकू आली.

मनातल्या मनात 'निघायचंय'च्या जागी 'निघावं लागेल' बसतं का ते बघत जा. बसलं की 'हॅव टू'. 'आय हॅव टू लीव्ह ॲट फाइव्ह टुडे, आय ॲम टेकिंग माय मदर-इन-लॉ टू द डॉक्टर.' उच्चार 'हॅफ्टू' असा होतो, आणि 'हॅज टू'चा 'हॅस्टू'. पुढच्या 'ट'मुळे 'व्ह'चा 'फ' होतो. फोनवर ऐकताना हे माहीत असलं की गोंधळ होत नाही.

पोहे_सेव_जिरावण:
याच्या उलटही होतं. एका शनिवारी मला मेसेज आला, 'यू डोन्ट हॅव टू कम टुमॉरो.' मी वाचलं, 'उद्या यायचं नाही.' नोकरी गेली असंच वाटलं, रात्रभर झोप नाही. त्यांना म्हणायचं होतं की यायची सक्ती नाही.

निवृत्त_इंग्रजीमास्तर:
अगदी बरोबर नेमकं उदाहरण. 'यायचं नाही' म्हणजे मनाई, 'मस्ट नॉट'. 'यायलाच हवं असं नाही' म्हणजे 'डोन्ट हॅव टू'. मराठीत हे दोन इतके लांब आहेत, तरी इंग्रजीतून येताना एकमेकांत मिसळतात, कारण 'नाही' आपल्याला 'हॅव'ला चिकटलेलं दिसत नाही, 'कम'ला चिकटलेलं वाटतं.

ग्वाल्हेर_किल्ला:
धागा उशिरा सापडला. मला शब्दांच्या मुळांची आवड आहे, म्हणून एक भर घालतो. जुन्या इंग्रजीत हे क्रियापद 'हाब्बान' असं होतं, जर्मनमध्ये आजही 'हाबेन'. लॅटिनमध्ये 'हाबेरे' आहे, त्याचाही अर्थ जवळ असणे. दिसायला सख्खी भावंडं, पण नातं नाही! इंग्रजी 'हॅव'चं मूळ 'पकडणे' या अर्थाच्या धातूशी जोडतात, आणि त्याच धातूचं लॅटिन रूप म्हणजे 'कापेरे', ज्यातून 'कॅप्चर' आला. त्या कुळात मूळ 'क'चा जर्मन-इंग्रजी शाखेत 'ह' झाला. म्हणजे 'हॅव'च्या मुळाशी हातात धरणं आहे, आणि आपल्या 'मला आहे'च्या मुळाशी नुसतं असणं. संस्कृतातही 'मम गृहम् अस्ति', घर माझं आहे, एवढंच. मला हा फरक फार मोलाचा वाटतो.

बडोद्याची_सून:
'बाळगणे' नाही का मराठीत? शस्त्र बाळगणे, भीती बाळगणे. ते 'हॅव'च्या जवळ जातं.

ग्वाल्हेर_किल्ला:
जवळ जातं खरं, तिथे मालकच कर्ता आहे. पण 'मी दोन भाऊ बाळगतो' होत नाही, आणि 'मी ताप बाळगतो' तर नाहीच. 'बाळगणे'त जपून, मुद्दाम ठेवणं आहे. मराठीने नुसत्या मालकीसाठी क्रियापद केलंच नाही.

भंवरकुआ_२४:
माझ्या सराव परीक्षेत 'आय हॅव सीन हिम येस्टरडे' चूक दाखवलंय. पण 'मी त्याला काल पाहिलंय' हे मराठी वाक्य बरोबर आहे ना?

निवृत्त_इंग्रजीमास्तर:
मराठी अगदी बरोबर. मराठीत 'पाहिलंय'शेजारी 'काल' सुखाने बसतं. इंग्रजीत 'हॅव सीन' आजच्या क्षणाला बांधलेलं असतं, त्याच्या शेजारी 'येस्टरडे', 'लास्ट वीक', 'इन २०१९' असा संपलेला काळ बसत नाही. काल असेल तर 'आय सॉ हिम येस्टरडे'. वेळ सांगायची नसेल तर 'आय हॅव सीन हिम'.

आणि याच्याहून जास्त घडणारी चूक सांगतो. 'मी काल उज्जैनला गेलो होतो' याचं आपण 'आय हॅड गॉन टू उज्जैन येस्टरडे' करतो. मराठीतलं 'गेलो होतो' म्हणजे जाऊन आलो, विषय संपला. इंग्रजीला तिथे 'आय वेंट' पुरतं. 'हॅड गॉन' म्हटलं की ऐकणारा पुढच्या गोष्टीची वाट बघत राहतो : गेलो होतो, तेवढ्यात काय झालं? 'मी स्टेशनवर पोचलो तोवर गाडी सुटली होती', इथे दोन घटना आहेत, आधीची कुठली ते दाखवायचंय, म्हणून 'द ट्रेन हॅड लेफ्ट'. दुसरी घटना नसेल तर 'हॅड' काढून टाका. हेच मी ताईंनाही सुचवेन, त्यांच्या मेलमधले निम्मे 'हॅड' गळतील.

इंदुरात वीस वर्षं राहत असाल तर 'आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स ट्वेंटी इयर्स' नको. 'आय हॅव बीन लिव्हिंग हिअर फॉर ट्वेंटी इयर्स.' 'सिन्स'पुढे सुरुवातीचं साल, 'फॉर'पुढे वर्षांची मोजणी.

वॉर्डातली_सिस्टर:
एक राहिलंच. पेशंट सांगतात, 'आय डिड माय ब्लड टेस्ट', 'आय रिमूव्ह्ड माय टूथ'. दात स्वतःच उपटला की काय असं वाटतं. मराठीत आपण 'दात काढला' म्हणतो आणि डॉक्टरांनी काढला हे गृहीत असतं. इंग्रजीत 'आय हॅड माय टूथ टेकन आउट'. 'करून घेतलं' असं म्हणता येत असेल तिथे हे 'हॅड' बसतं : तपासून घेतलं, काढून घेतला, केस कापून घेतले. क्रम मात्र सांभाळा. 'आय हॅड माय हेअर कट' म्हणजे कापून घेतले, 'आय हॅड कट माय हेअर' म्हणजे मीच आधी कापले होते.

सुदामानगरची:
सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी बसून महिन्याभरातले पाठवलेले मेल पुन्हा वाचले. अकरा 'हॅविंग' सापडले. त्यातले चार 'त्रास होतोय'वाले होते, म्हणजे बरोबरच होते, आणि तेही मी घाबरून नंतर टाळायला लागले होते. आज ते वाक्य न घाबरता लिहिलं. लीडलाही 'चाललंय'ची कसोटी सांगितली, त्याने शांतपणे ऐकून घेतली आणि वहीत लिहिली.

साहेबांना 'आय हॅव टू लीव्ह ॲट फाइव्ह' म्हटलं. 'शुअर' म्हणाले.

आता शेवटचा प्रश्न. त्यांनी जाताना सांगितलं, 'यू हॅड बेटर टेक ॲन अम्ब्रेला.' हे 'हॅड' कुठल्या काळातलं?

निवृत्त_इंग्रजीमास्तर:
कुठल्याच भूतकाळातलं नाही. 'हॅड बेटर' म्हणजे आत्ता किंवा पुढे हे केलेलं बरं, नाहीतर पंचाईत होईल : 'छत्री घ्याच, नाहीतर भिजाल.' पुढे 'टू' लावायचं नाही. यात इशाऱ्याची धार असते, म्हणून साहेबांनी तुम्हाला म्हटलं ते ठीक, पण तुम्ही ग्राहकाला लिहिताना 'यू हॅड बेटर रीसेट द पासवर्ड' लिहू नका, ते दटावल्यासारखं लागेल. तिथे 'यू मे वॉन्ट टू रीसेट' लिहा.